वाचक विचारतात: डकारची बाइक फक्त ४५० सीसीची का?

प्रश्न: आमच्या ग्रुपमधल्या दोघांकडे ६५० सीसीच्या बाइक आहेत, मग एवढ्या मोठ्या वाळवंटी शर्यतीत, डकार रॅलीत, ४५० सीसी काय म्हणून? आणि बाइक एवढी फुगलेली का दिसते? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सीसीचं कारण सोपं आहे, नियम. आधी ६९० सीसीच्या केटीएम पळायच्या, स्पीड फार वाढलं, म्हणून आयोजकांनी २०११ पासून सगळ्यांना ४५० वर आणलं. सिंगल सिलिंडर इंजिन, आणि ते मोटोक्रॉससारखं (मातीच्या ट्रॅकवरची छोटी शर्यत) पिळून काढलेलं नसतं, कारण इथे दोन आठवडे टिकायचंय आणि मधेच इंजिन बदललं तर पेनल्टी बसते.

फुगलेलं दिसतं ते पेट्रोल. माझ्या मते रॅली बाइकची खरी डोकेबाजी इंजिनात नाही, टाकीत आहे. वाळवंटात पंप नाही, एका दमात अडीचशे किलोमीटर जायची सोय लागते, म्हणून केटीएम ४५० रॅलीत साधारण ३३ लिटर पेट्रोल मावतं. म्हणजे बाइक १४० किलोच्या आसपास आणि वर पंचवीसेक किलो नुसतं पेट्रोल! हे सगळं नेहमीसारखं वर एकाच टाकीत भरलं तर बाइक वळताना नुसती डुलेल, म्हणून पुढे दोन टाक्या इंजिनच्या दोन्ही बाजूंना खाली उतरवलेल्या असतात आणि तिसरी सीटखाली मागे. मागच्या टाकीची गंमत म्हणजे तिथे वेगळी सबफ्रेमच (सीट आणि मागचा भाग पेलणारा सांगाडा) नसते, टाकीच सबफ्रेम, सीट आणि मडगार्ड तिच्यावरच. सकाळी भरलेली आणि दुपारी रिकामी या जणू दोन वेगळ्या बाइक असतात, सस्पेन्शन दोघींना चालेल असं सेट करायचं म्हणजे मेकॅनिकचं डोकं फिरतं.

समोर जो उंच टॉवर दिसतो, रोडबुक (रस्त्याच्या खुणांची गुंडाळी) आणि ट्रिपमीटरवाला (अंतर मोजणारा), तो हँडलवर नाही तर फ्रेमच्या पुढच्या भागावर बसवतात, नाहीतर हँडल जड झालं असतं. इंजिनखालच्या संरक्षक स्किड प्लेटमध्ये पिण्याचं पाणीसुद्धा ठेवतात, रायडर अडकला तर उपयोगी पडतं.

आपल्या हिरो कंपनीनेही ४५० सीसीचीच बाइक बनवलीय बरं का, २०२४ च्या डकारला बोत्सवानाचा रॉस ब्रांच तिच्यावरच दुसरा आला!

प्रश्न: डकारच्या बाइकच्या टायरमध्ये हवा नसते म्हणे. माझ्या एक्सपल्स बाइकला तसं करता येईल का? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर: खरंय, ट्यूबऐवजी आत फोमची जाड रिंग असते, मूस म्हणतात, काटा गेला तरी पंक्चरचा प्रश्नच नाही. पण डांबरी रस्त्यावर जास्त वेळ पळवलं की तो तापून खराब होतो, चढवायलाही जीव जातो, आणि रॅलीत तो सतत बदलला जातो, तुम्हाला ते परवडणार नाही. एक जास्तीची ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर आणि हातपंप ठेवा, आणि घरीच एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा.