पंपाने न थांबणारा श्वासाचा आवाज : दम्याखेरीज काय असू शकते?

तुमच्या बहिणीचे वय ४२, दीड वर्षापासून दम्याचे दोन पंप चालू, छातीचा एक्स-रे स्वच्छ आणि तरीही जिना चढताना घशातून आवाज येतो, असे तुम्ही लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, पण अशाच आवाजावर सात महिने दम्याचे उपचार घेतलेली रुग्ण आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वात आधी एक गोष्ट नीट ऐका : आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना? दम्यात फुप्फुसांतल्या बारीक नलिका आकसतात, त्यामुळे शिट्टीसारखा आवाज बहुधा श्वास सोडताना आणि छातीतून येतो. अडथळा स्वरयंत्रात किंवा मानेतल्या श्वासनलिकेत असेल, तर श्वास ओढताना तो भाग आणखी आत खेचला जातो आणि कर्कश आवाज उमटतो. डॉक्टर त्याला स्ट्रायडॉर म्हणतात.

न्यूमोनियात मी ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. घरी आल्यावर सहाव्या आठवड्यात धाप लागू लागली. व्हेंटिलेटरसाठी घशातून श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवतीच्या फुग्याच्या दाबाने श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला जखम झाली होती, आणि ती भरताना व्रण आकसत गेल्यामुळे त्रास इतक्या उशिरा दिसला. प्रौढांची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. ती ८ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत माणूस कसेबसे निभावतो, आणि ५ मिलिमीटरवर बसल्या जागी धाप लागते. त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सैद्धांतिकदृष्ट्या सोळा पट वाढतो, म्हणून शेवटची घसरण अचानक वाटते.

माझ्या स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीच्या, अहवालावर सगळ्यांनी आकडेच वाचले. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी आलेखाकडे बोट दाखवले : दम्यात श्वास सोडण्याची रेघ खोलगट होते, माझी मात्र वरून आणि खालून दोन्हीकडे चपटी, डबीसारखी चौकोनी होती. त्यांनी मला तोंड उघडून जोरात श्वास घ्यायला लावले आणि स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर ठेवला. आवाज तिथेच सर्वात मोठा होता.

तुमच्या बहिणीला पूर्वी कधी अशी नळी घातली नसेल, तरीही स्वरतंतूंच्या लगेच खाली कारण न कळता होणारे आकुंचन डॉक्टरांपुढे आवर्जून मांडा. ते विरळ आहे, पण जवळजवळ नेहमी स्त्रियांमध्ये आणि बहुधा याच वयाच्या आसपास आढळते. नाकात खपल्या धरत असतील, रक्त येत असेल किंवा सायनसचा त्रास असेल, तर रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या जीपीए या आजारासाठी एएनसीए ही रक्तचाचणी विचारा. नाकापासून सुरू होऊन खाली उतरणारा स्क्लेरोमा हा जिवाणूंचा चिवट संसर्गही आपल्या देशात दिसतो. कान लाल होऊन दुखतात, पण कानाच्या पाळीच्या मऊ भागाला मात्र काही होत नाही, असे असेल तर तो कूर्चेचा, म्हणजे कानाला आणि श्वासनलिकेला आकार देणाऱ्या लवचीक हाडाचा, आजार असू शकतो. छातीच्या हाडामागे वाढलेले थायरॉइड असेल, तर दोन्ही हात डोक्यावर धरल्यावर चेहरा लालबुंद होतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही स्वरतंतू लुळे पडले, तर ते एकमेकांजवळ राहतात. त्यामुळे बोलणे जवळपास नेहमीसारखे असते आणि श्वास मात्र अडतो. हे फार फसवे आहे. काहींमध्ये रचनेत कुठलाच दोष नसतो, पण श्वास घेताना स्वरतंतू उलट मिटतात. त्यावर वाचा-उपचारतज्ज्ञांचे व्यायाम उपयोगी पडतात.

तेव्हा स्पायरोमेट्रीचा मूळ आलेख घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, दुर्बिणीने स्वरतंतूंची तपासणी करून घ्या आणि गरजेनुसार मानेचा व छातीचा सीटी स्कॅन करा. आवाज येत असताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा, कारण दवाखान्यात शांत बसल्यावर तो हमखास गायब होतो. पंप मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, कारण दमा आणि अरुंद श्वासनलिका एकाच वेळी असू शकतात. बसल्या जागी आवाज येऊ लागला, वाक्य पूर्ण होईना किंवा श्वासागणिक गळ्याखाली खळगा पडू लागला, तर तारखेची वाट न पाहता रात्रीसुद्धा मोठ्या रुग्णालयात न्या.

माझी नलिका भूल देऊन दोनदा फुग्याने रुंद केली. दुसऱ्या वेळेनंतर मी घरचे तीन जिने न थांबता चढले. आता कुठलीही शस्त्रक्रिया असो, भूलतज्ज्ञांना मी हे सर्वात आधी सांगते, कारण मला नेहमीच्या मापाची नळी चालत नाही.