हुकूमनामा हाती, पैसे मात्र व्यापाऱ्याकडेच

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक आहे. माल नेऊन पैसे न देणाऱ्या एका व्यापाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ३,८०,००० रुपये व सहा टक्के व्याजाचा हुकूमनामा (डिक्री) दिला; अद्याप एक रुपयाही मिळालेला नाही. तो आता धुळ्यास राहतो आणि निकालानंतर त्याने आपला प्लॉट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला आहे. हुकूमनामा आता निकामी झाला का? त्याला तुरुंगात टाकता येईल का?

उत्तर : हुकूमनामा निकामी झालेला नाही. पैशाच्या हुकूमनाम्याची बजावणी मागण्याची मुदत बारा वर्षे आहे, म्हणजे आपणास ऑगस्ट २०२९ पर्यंत दरखास्त (बजावणीचा अर्ज) दाखल करता येईल. मात्र न्यायालय स्वतःहून वसुलीस निघत नाही. दरखास्त आपणच द्यावयाची आणि ऋणकोची (ज्याच्याकडून पैसे येणे आहेत त्याची) कोणती मालमत्ता कोठे आहे हेही आपणच दाखवावयाचे, ही गोष्ट निकाल हाती पडल्यावर बहुतेक जण विसरतात. हुकूमनाम्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला असल्याने आधी ऋणकोला नोटीस निघेल. मालमत्ता धुळ्यात असेल, तर ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच्याकडे अर्ज करून तो धुळ्याच्या न्यायालयाकडे बजावणीसाठी वर्ग करून घ्यावा.

मालमत्तेचा शोध घरच्या कागदांपासून सुरू करावा. व्यापाऱ्याने पूर्वी कधी धनादेशाने किंवा बँकेमार्फत पैसे दिले असतील, तर त्याच्या बँकेचे नाव, आणि नशीब असेल तर खाते क्रमांकही, आपल्या पासबुकात किंवा बँकेच्या नोंदींत सापडतो. त्या खात्यातील शिल्लक जप्त करून मागता येते, आणि दुसऱ्या कोणाकडून त्याचे येणे असेल तर तेही. शेतजमिनीसाठी सातबारा व शहरातील जागेसाठी मिळकत पत्रिका काढावी. एवढे करूनही हाती काही लागले नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४१ खाली, ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा हुकूम मागावा. तो न पाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा नियम जेवढा उपयोगी आहे तेवढा वापरला जात नाही, असे आमचे मत आहे.

बेलिफ (न्यायालयाचा बजावणी कर्मचारी) घरात शिरून भांडीकुंडी उचलून नेईल, या कल्पनेवर मात्र विसंबू नये. याच संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे व गुरे जप्तीतून वगळलेली आहेत. व्यापाऱ्याची मालवाहू गाडी त्याच्याच नावावर असेल, तर ती सहसा या यादीत बसणार नाही.

बक्षीसपत्राचा प्रश्न किचकट आहे. जप्तीनंतर केलेले हस्तांतर त्या जप्तीखालच्या मागणीपुरते निरर्थक असते, परंतु आपल्या प्रकरणात जप्तीच झालेली नव्हती. तेव्हा धनकोंना (पैसे येणे असलेल्यांना) बुडवण्याच्या हेतूने ते केले असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली दाखवून ते रद्द ठरवून घ्यावे लागेल आणि त्यासाठी स्वतंत्र दावा लावणे बरे. निकालानंतर लगेच, मोबदल्याशिवाय आणि तेही मुलालाच दिले, ही परिस्थिती आपल्या बाजूची आहे.

तुरुंगाविषयी प्रत्येक दुसऱ्या पत्रात विचारणा असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऋणको केवळ निर्धन आहे म्हणून त्याला कैदेत टाकता येत नाही. ऐपत असूनही तो अप्रामाणिकपणे देत नाही, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे. पाच हजारांहून अधिक रकमेसाठी कैद जास्तीत जास्त तीन महिन्यांची असते, त्या काळातील ऋणकोचा निर्वाहभत्ता (पोटापाण्याचा खर्च) अर्जदाराला भरावा लागतो, आणि सुटून आल्यावर कर्ज जसेच्या तसे राहते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. म्हणून आधी खाते आणि गाडी जप्त करावी, कैदेचा अर्ज मागाहून.

दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी आणि विलंब झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात. तरी हा निर्णय वकिलांमार्फत न्यायालयाच्या नजरेस आणून द्यावा.

प्रश्न : माझ्यावर हुकूमनामा झाल्यानंतर मी अमळनेर येथे चार माणसांदेखत डिक्रीदाराला (ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याला) ४५,००० रुपये रोख दिले. आता त्याने पूर्ण रकमेची दरखास्त लावली आहे. ती रक्कम वजा होईल का?

उत्तर : केवळ साक्षीदारांच्या भरवशावर होणार नाही. न्यायालयाबाहेर दिलेल्या रकमेची नोंद तीस दिवसांत न्यायालयात करून घ्यावी लागते. नोंद नसलेला भरणा बजावणी करणारे न्यायालय विचारात घेत नाही. नोंदीसाठीही लेखी पुरावा किंवा डिक्रीदाराची कबुली लागते. मुदत गेली असेल, तर त्याच्याकडून रक्कम मिळाल्याची पुरसिस (न्यायालयात द्यावयाचे लेखी निवेदन) दाखल करून घेण्याचा प्रयत्न करावा. पुढचा प्रत्येक हप्ता न्यायालयात भरावा किंवा बँकेमार्फत द्यावा, आणि पावतीवर दरखास्तीचा क्रमांक लिहून घ्यावा.