कंबरेतून पायात उतरणारी कळ : सायटिकाबद्दल तुमचे प्रश्न

सायटिकाबद्दल काय विचारायचं ते कळवा, असं म्हटलं होतं. चोपड्याहून आलेला प्रश्न सगळ्यांच्या आधी घेतो. त्यात थांबायला वेळ नाही.

माझ्या पत्नीचं वय ३४. वर्षभर अधूनमधून डावा पाय दुखायचा. दोन दिवसांपासून दोन्ही पाय दुखतात, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं आणि लघवी लागल्याचं नीट कळत नाही. गावात सलाईन आणि इंजेक्शन झालं. अजून किती दिवस वाट पाहावी?

एक तासही नाही. तुम्हाला फोनवर हेच सांगितलं; इथे छापतोय ते इतर घरांसाठी. कण्याच्या खालच्या भागात नसांचा एक जुडगा असतो. पायांसोबतच लघवी, शौच आणि बैठकीच्या जागेची जाणीव त्याच्याकडे असते. दोन मणक्यांमधली गादी मोठी फुटून तो सगळाच दाबला गेला की लघवी तुंबते किंवा नकळत होते, धुताना स्पर्श कळत नाही, दोन्ही पाय ढिले पडतात. अशा वेळी त्याच दिवशी एमआरआय व्हायला हवा, आणि दाब दिसला तर ऑपरेशन जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत. उशीर झाला तर पायाचं दुखणं थांबेलही, पण लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. १०८ ला फोन करा. जिथे नेणार तिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन आहेत का, हे निघतानाच विचारून घ्या.

बायका हे लाजेपोटी सांगत नाहीत, डॉक्टरांनाही नाही. घरच्यांनी स्पष्ट शब्दांत विचारायला हवं.

वय ३८, रावेर तालुक्यात केळी आहे. कापणीच्या वेळी घड उचलून वळलो आणि कंबरेत कळ आली. आता कंबर कमी दुखते, पण कुल्ल्यापासून पोटरीमागून करंगळीपर्यंत करंट जातो. शिंकलं तरी जातो. कुणी म्हणतं नस दबली, कुणी म्हणतं चढली. नेमकं काय झालंय?

भाऊ, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं निदान झालंच. सायटिक नस ही शरीरातली सर्वांत जाड नस. कण्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळ्यांपैकी कंबरेच्या शेवटच्या दोन आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडाच्या) पहिल्या तीन, अशा मुळ्या एकत्र येऊन ती बनते, कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते आणि गुडघ्याच्या वर दुभंगते. दोन मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं कवच चिरलं की आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या मुळीला लागतो. दाब तर पडतोच, शिवाय त्या गराने मुळी सुजते. दुखण्याची मूळ जागा कंबरेत, पण मेंदूला ते पायातून आल्यासारखं वाटतं. शिंकताना, खोकताना किंवा शौचाला जोर लावताना आतला दाब वाढतो, म्हणून करंट.

करंगळीकडे आणि टाचेकडे कळ जाते तेव्हा बहुधा त्रिकास्थीची पहिली मुळी असते. नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे जाते तेव्हा कंबरेची पाचवी. घरी दोन गोष्टी करून बघा. भिंतीला हात टेकवून आधी टाचांवर चाला, मग चवड्यांवर. दुखत असूनही जमलं तर ताकद शाबूत आहे. एका बाजूची टाच उचलली जात नसेल, पाऊल फरपटत असेल किंवा चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही असं होत असेल, तर थेट तज्ज्ञांकडे जा. माझ्या दृष्टीने कळ किती जोरात येते यापेक्षा ही निसटणारी चप्पल जास्त महत्त्वाची आहे. दुखणं कमी झालं पण पाऊल लुळं पडलं, तर ती बरं होण्याची खूण नाही.

ताकद शाबूत असेल तर बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत बरंच उतरतं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. मात्र खाटेवर पडून राहून हे लवकर होत नाही. फार झालं तर एक-दोन दिवस पडा, मग घरात, अंगणात, बांधापर्यंत थोडं थोडं चाला. फिजिओथेरपिस्टकडून तुमच्या दुखण्याला मानवणारे व्यायाम शिकून घ्या. मोबाइलवर बघून सरसकट वाकण्याचे व्यायाम करू नका. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे खाणं किडनीला आणि जठराला महागात पडतं, बीपी असेल तर जास्तच. नसेच्या दुखण्याच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन ट्रॅक्टर चालवू नका.

पाणी देणं, देखरेख अशी हलकी कामं सहन होतील तशी आधी सुरू करा. घड उचलणं सर्वांत शेवटी, आणि तेव्हाही घड छातीशी धरून पावलं फिरवून वळा. वजन हातात असताना कंबरेतून पिळवटणं हेच गादीला सोसत नाही.

धुळ्यात शिक्षक आहे, वय ४५. तीन आठवडे उजवा पाय दुखतोय, आता थोडा उतार आहे. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गादी सरकलेली दिसली. एकांनी ऑपरेशन सांगितलं. रिपोर्ट वाचून झोप उडाली आहे.

रिपोर्ट बाजूला ठेवा आणि पायाकडे बघा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासलेला एक अभ्यास १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांमध्ये एखादी तरी गादी फुगलेली होती. म्हणजे फोटोत दिसलेलं सगळंच दुखतं असं नाही. कोणत्या मुळीचं दुखणं आहे, तपासणीत काय सापडलं आणि फोटोत त्याच जागी, त्याच बाजूला दाब आहे का, हे तिन्ही जुळलं तरच त्या फोटोला अर्थ.

ऑपरेशन वाईट नाही. दुखणं सहा आठवड्यांच्या पुढे सहन होण्यापलीकडे राहिलं किंवा ताकद जात असेल तर ते जरूर करावं. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवरचा अभ्यास आला. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर मिळाला. वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन लागलं, हेही खरं. तुम्हाला तीनच आठवडे झालेत आणि उतार आहे. मी तुमच्या जागी थांबलो असतो.

कमरेला पट्टा बांधू का? जमिनीवर झोपू का?

प्रवासात किंवा कामावर थोडा वेळ पट्टा चालेल, दिवसभर नको. ज्या अंथरुणावर झोप लागते ते चांगलं. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते. वय ५०, साखरेची गोळी चालू आहे. मांडी आणि पोटरी दुखते, पावलाला मुंग्या. शेजारच्या बाया बिब्बा घालायला सांगतात, कुणी डाग द्यायला. गल्लीतल्या दवाखान्यात कुल्ल्यावर इंजेक्शन घेतलं की दोन दिवस बरं वाटतं.

ताई, बिब्बाही नको आणि डागही नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. तुमच्या पावलाला आधीच मुंग्या आहेत, तिथे किती भाजलं ते कळणार नाही, आणि साखर असलेल्याची जखम चिघळते. नस आत खोलवर दबलेली आहे, वरच्या चटक्याने ती सुटत नाही. त्या बाया तुमच्या काळजीने सांगतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनाही हे वाचून दाखवा.

इंजेक्शनचं जपा. सायटिक नस कुल्ल्याच्या आतून जाते, त्यामुळे सुई वरच्या, बाहेरच्या भागातच हवी. चुकीच्या जागी टोचल्याने नस दुखावून पाऊल लुळं पडू शकतं. सुई आत जाताच पायात करंट उतरला तर लगेच ओरडून सांगा, औषध आत जाऊ देऊ नका. त्यात स्टिरॉइड आहे का तेही विचारा, त्याने साखर वाढते.

एकाच पावलाला मुंग्या असतील तर कंबरेकडे बोट जातं, दोन्ही तळव्यांची आग होत असेल तर साखरेकडे. दोन्ही एकत्रही असतं. साखर तपासून घ्या. पथारीवर उकिडवं बसण्याऐवजी खाली पाट घ्या आणि अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला.

वडील ६८ वर्षांचे, अंमळनेरला असतात. दहा मिनिटं चालले की दोन्ही पाय जड होतात, बसले की बरं. "मना पाय दुखस" एवढंच म्हणतात. पण सायकल मैलभर चालवतात! ढोंग म्हणावं का?

ढोंग मुळीच नाही. वयाने कण्यातली नसांची वाट अरुंद झाली की असंच होतं. ताठ चालताना ती आणखी आवळते, पुढे झुकलं की मोकळी होते, आणि सायकलवर माणूस झुकलेलाच असतो. मात्र बिडी किंवा साखर असेल तर पायाच्या रक्तवाहिन्याही तपासा. रक्तवाहिन्यांचं दुखणं नुसतं उभं राहिल्यानेही थांबतं, कण्याच्या दुखण्याला बसावं किंवा वाकावं लागतं. पावलावरची नाडी डॉक्टरांनी हाताने बघायलाच हवी. सायकल चालू राहू द्या, चालताना काठी द्या. चालणं रोजच्या जगण्याला पुरेनासं झालं तर ऑपरेशनचा विचार करता येतो, वय आडवं येत नाही.

आणि त्यांना हे विचारा: रात्री पडल्या पडल्याही दुखतं का, ताप येतो का, वजन उतरलंय का, पूर्वी टीबी किंवा कॅन्सर झाला होता का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर व्यायाम, मालिश काही सुरू करू नका. आधी रक्त आणि मणक्याचा फोटो.