रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग पाय दुखतोच कसा?

आईबापांचा हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की आता दारातच ओळखू येतो. खेळणारं लेकरू असतं, पाय नाहीतर गुडघा दुखत असतो, एक्सरे क्लिअर, रक्त क्लिअर, आणि मग कोणीतरी म्हणतं "टेन्शन असेल, काउन्सेलरला दाखवा." म्हणजे माझ्याकडे येतात तेव्हा घरात निकाल लागलेलाच असतो, पोरगी नाटक करते म्हणून.

श्रावणीचं (नाव आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात) असंच होतं. वय बारा, घर जालन्याचं, वडलांचं बी-बियाण्याचं दुकान, आणि जिम्नॅस्टिक्ससाठी ती संभाजीनगरला आत्याकडे राहायची कारण गारखेड्याच्या क्रीडा संकुलाला तिथून जवळ पडायचं. व्हॉल्टवरून, म्हणजे पळत येऊन ज्या टेबलावरून उडी मारतात त्यावरून, उतरताना पाऊल थोडं मुरगळलं, साधी लचक. एका डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, ते निघालं आणि दुखणं मात्र राहिलं, उलट आधी घोट्याला होतं ते आता सगळ्या पावलाला. कुबडी घेऊन चालायची. वडील पहिल्याच भेटीत तिच्यासमोरच म्हणाले, "मॅडम, डॉक्टर म्हणतेत हाड चांगलंय, मग हिला काहून दुखायलंय? स्टेटचं सिलेक्शन तोंडावर आहे, दहावीला क्रीडाचे मार्क भेटतेत, अन् ही अशी." पोरगी खाली बघत बसलेली.

माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. एका पायात बूट-मोजा आणि दुसरा पाय उघडा, जमिनीला टेकू न देता हवेत धरलेला, आणि हे जानेवारीत. मोजा का नाही विचारलं तर म्हणे "मोजा लागला की आग होते." आत्या म्हणाल्या, रात्री पांघरूणसुद्धा त्या पायावर घेऊ देत नाही. मी आईला म्हटलं, दोन्ही पावलांना हलकाच हात लावून बघा बरं, तिला चालेल तेवढाच. आईनं लावला आणि चमकलीच, "अगं बाई, हा पाय तर गारठलाय!" रंगही जरा निळसर होता.

आता मी काही डॉक्टर नाही, पण एवढं कळतं की नाटक करून पाय गार पडत नसतो. हलक्या कापडानं आग होणं, पावलाचा रंग-तापमान बदलणं, लागलं त्याच्या मानानं दुखणं कितीतरी जास्त असणं, ही सगळी खूण सीआरपीएस नावाच्या दुखण्याची असू शकते, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. मोठ्या मुलांत, त्यातही मुलींत, आणि जास्त करून पायाला होतं. याला एक्सरेत किंवा रक्तात दाखवणारी एकच अशी टेस्ट नाही, लक्षणं बघून आणि पाय तपासूनच ओळखतात. म्हणून मी चिठ्ठी लिहून त्यांना पेन क्लिनिकच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि तिथं तेच निघालं.

घरच्यांना समजावताना मी एवढंच म्हटलं की गल्लीतल्या बाईकचा अलार्म कसा चोर निघून गेला तरी वाजत राहतो, तसं नसांचं झालंय. आवाज खराच आहे, फक्त चोर नाही. वडलांचा पुढचा प्रश्न लगेच, "म्हणजे मनाचं आहे ना?" नाही हो. नसांचं आहे, आणि भीतीनं ते वाढतं, दोन्ही एकाच वेळी. शरीराचं का मनाचं, एकच निवडा, हा हट्ट सोडला की अर्धं घर शांत होतं.

उपचार ऐकून आत्या बुचकळ्यात पडल्या, कारण आराम नाही तर हालचाल सांगितली. या दुखण्यात पाय बांधून ठेवला की जास्त बिघडतं. फिजिओ मॅडमनी आधी कापूस फिरवायला लावला, मग मऊ सुती कापड, मग खरखरीत टॉवेल, मग घमेल्यात ज्वारी ओतून त्यात पाय. पहिल्या दिवशी ज्वारीत नुसती बोटं घातली आणि रडली. माझ्याकडे आमचं काम वेगळं चालू होतं, श्वास, भीतीवर बोलणं, आणि घरच्यांना एक नियम, की दिवसभर "दुखतंय का गं?" विचारायचं नाही. "आज काय काय केलंस?" विचारायचं. आत्यांना हे सगळ्यात जड गेलं, माया करायची सवय ना.

मग एक दिवस ती हळूच म्हणाली, "पाय बरा झाला तर दुसऱ्याच दिवशी व्हॉल्ट करायला लावतील." खेळ तिला नको नव्हताच, घाई नको होती. मी तिच्या परवानगीनं हे वडील आणि कोच सर दोघांना सांगितलं. सर समजूतदार निघाले, म्हणाले आधी शाळेत चालत जाऊ दे, मग हॉलमध्ये नुसतं स्ट्रेचिंग, व्हॉल्टचं नाव मी काढणार नाही.

पण म्हणून प्रत्येक न कळणारं दुखणं सीआरपीएस समजू नका बरं का. साधारण आठ ते चौदा वयात टाच दुखली तर बऱ्याचदा टाचेच्या वाढत्या हाडाचं असतं, सेव्हर्स म्हणतात, त्यातही एक्सरे नॉर्मलच येऊ शकतो. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट ठेवून "इथंच" म्हणत असेल आणि उड्या मारल्या की वाढत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं, ते सुरुवातीला एक्सरेत चुकतं, एमआरआय लागतो, आणि तिथं मात्र उड्या बंदच. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, सूज, सकाळचा ताठरपणा, वजन घटणं, यातलं काही असेल तर काउन्सेलर नंतर, आधी डॉक्टर. आणि वाढत्या वयाची पोरगी वजनाच्या धाकानं जेवण कमी करत असेल, पाळी येऊन मग थांबली असेल, तर हाडांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो, ते विचारायला लाजू नका.

श्रावणीचं ते सिलेक्शन हुकलं. आता शाळेत चालत जाते, दोन्ही पायात मोजे घालते, हॉलमध्ये बीमचा, म्हणजे अरुंद पट्टीवर तोल सांभाळायचा, सराव करते. मध्ये परीक्षेच्या दिवसांत पाय परत गार पडायला लागला होता, तेव्हा आत्यांनी घाबरून पट्टी बांधली नाही, फिजिओ मॅडमना फोन लावला आणि ज्वारीचं घमेलं बाहेर काढलं. वडील अजून दर भेटीत विचारतात, "व्हॉल्ट कधी?" मी म्हणते, तिलाच विचारा, आणि ती म्हणते "दिवाळीनंतर बघू."