पावसाळ्यात न येणारा आजार

"ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग मला होतंय काय?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न आता मला पाठ झालाय. त्याच्यामागून बहुतेक जण दबक्या आवाजात दुसराही विचारतात, "म्हणजे मी नाटक करायलेय का?"

औशाकडच्या एका खेड्यातल्या सुमनमावशींनी (नाव बदललंय) हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारले होते. वय पन्नाशीला टेकलेलं. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशात आवंढा अडकल्यासारखं. लातूरला दाखवून झालं, सोलापूरला झालं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नीट. दर नव्या दवाखान्यात तपासण्या पहिल्यापासून. काकांनी सोयाबीनचे पैसे त्यातच घातले आणि शेवटी वैतागून म्हणाले, "हिला काही झालेलं नाही, हिच्या डोक्यात भरलंय."

माझ्याकडे त्यांना पाठवलं ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: 'हृदय ठीक आहे. घर ऐका.' ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

हे डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांच्याकडे एका घराचा एकच लिफाफा असतो. आजीची शुगर, नातवाचा गोवर, सगळ्यांचे केसपेपर त्यातच. कडेला बारीक अक्षरात 'बोअर आटला', 'थोरली माहेरी आली', असंही लिहिलेलं. त्यांनी मावशींना "काही नाही झालं" असं एकदाही म्हटलं नव्हतं. हिमोग्लोबिन ९ होतं, त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या. पाळी जाण्याच्या वयातही धडधड होते, अंगातून वाफा निघतात, हे समजावलं. त्यानंतरही जे उरलं, त्यासाठी मला निरोप धाडला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी शरीर नीट तपासायचं. छातीत कळ येऊन दरदरून घाम सुटला, ती कळ हाताकडं किंवा जबड्याकडं गेली, दम लागला, तर समुपदेशकाचं दार वाजवायचं नाही, थेट मोठा दवाखाना गाठायचा.

पहिल्या दोन भेटींत मावशी फक्त लक्षणं सांगत राहिल्या. घराविषयी विचारलं की "समदं बरं हाय." तिसऱ्या भेटीला मी डॉक्टरांकडून तो लिफाफाच मागवला, अर्थात मावशींना आणि घरच्यांना विचारून. मावशी डॉक्टरांकडे कधी कधी आल्या, त्या पाच वर्षांच्या तारखा मी सहज वाचायला लागले.

"डिसेंबर. फेब्रुवारी. एप्रिल. मे. पुन्हा मे. मग जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एकही खेप नाही. पुढच्या वर्षीही तसंच."

"पावसाळ्यात मला बरं असतंय," मावशी म्हणाल्या.

"जानेवारीतही फारसं काही दिसत नाही."

त्या बोटांवर काहीतरी मोजू लागल्या. "पौष असतोय तेव्हा." मग बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. मी बोलले नाही. (या धंद्यात गप्प बसायला शिकायलाच मला सगळ्यात जास्त वर्षं लागली.) शेवटी त्याच म्हणाल्या, "ताई, लग्नं नसत्यात तेव्हा."

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, मध्ये पौष. तुळशीचं लगीन लागलं की गावात मांडव पडायला लागतात. मावशींचा मुलगा चौतीस वर्षांचा. पदवीधर, साडेचार एकर कोरडवाहू. मुलीकडच्यांना नोकरी हवी, जमलं तर पुण्यात फ्लॅट. प्रत्येक मांडवात चार बायका तोच प्रश्न विचारणार, "पोराचं कधी?" पत्रिका घरात आली की मावशींचा श्वास भरभर चालायचा. श्वास असा उथळ, भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. मुंग्या खऱ्या, धडधडही खरी. नाटक कुठंच नव्हतं. हे काकांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच खाली बघत राहिले.

लिफाफ्यात आणखी एक गोष्ट होती. मुलाच्या ॲसिडिटीसाठीच्या खेपाही त्याच महिन्यांतल्या! तो इतके दिवस कुणाला दिसला नव्हता, कारण सगळे आईकडे बघत होते. जॉर्ज एंगेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९७७ साली मांडलं होतं की आजार समजायचा तर शरीर, मन आणि माणसाचा गोतावळा एकत्र बघावा लागतो. आमचे डॉक्टर ते एका खाकी लिफाफ्यात करत होते. खरं सांगायचं तर मीही तोवर एकट्या माणसाशी बोलून बरंच काही होतं असं मानत असे. आता घरातलं आणखी एक माणूस आल्याशिवाय मी फार पुढे जात नाही.

मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "मी लग्नाला जात नाही, कारण माझ्यापायी आईची मान खाली जाती."

मावशी चमकल्या. "माझी कशाला जाईल? मला वाटायचं तुलाच खाली बघावं लागतंय."

दोघं एकमेकांना वाचवत होते आणि दोघंही आजारी पडत होते. त्यानंतरच्या भेटी खरं तर सोप्या गेल्या. लग्नात कुणी विचारलं तर काय म्हणायचं, ते मायलेकांनी मिळून ठरवलं. धडधड सुरू झाली तर श्वास सावकाश सोडायचा, याचा रोजचा सराव केला.

तुमच्याही घरात अशी फाइल फुगली असेल तर दर वेळी नवं शहर गाठू नका. एकच डॉक्टर धरा, जुने कागद सोबत न्या, आणि त्रास कधी होतो हे तारखेनिशी लिहून ठेवा. डॉक्टरांनी घरचं विचारलं तर "समदं बरं" म्हणू नका. जवळपास बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मुलाचं लग्न अजून जमलेलं नाही. वैशाखात मात्र मावशी पुतणीच्या लग्नाला गेल्या. मांडवात धडधड झालीच. त्या जरा कडेला बसल्या, मग पंगतीत जेवल्या. एकीनं विचारलंच, तर म्हणाल्या, "तुमच्याकडं पोरगी असंल तर उद्याच बार उडवू."

ज्येष्ठात मावशी डॉक्टरांकडे गेल्या, गुडघा दुखतो म्हणून. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि त्यांना वजनकाट्यावर उभं केलं.