वनस्पतींमधली द्रव्यं मेंदूच्या पेशींमधला दाह खरंच कमी करतात का?

तुम्ही विचारलंय की हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षांतलं रेझव्हेरॅट्रॉल, सेलरीसारख्या भाज्यांतलं ल्युटिओलिन अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी मेंदूतला दाह कमी होतो असं वाचलं, तर विसराळूपणा वाढत चाललेल्या वडिलांना त्यांच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दाह कमी होतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तरीही तेवढ्या आधारावर वडिलांना काही सुरू करू नका. का, ते सांगते.

मी मायक्रोग्लियावर काम करते. पिओ देल रिओ-ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली ओळखलेल्या या मेंदूतल्या संरक्षक पेशी. जंतू, मेलेल्या पेशींचा कचरा, चिकट प्रथिनांचे गोळे असं काही दिसलं की त्या जाग्या होतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ यांसारखे दाहकारक रेणू सोडतात. काम झाल्यावर त्यांनी शांत व्हायला हवं. अल्झायमरमध्ये त्या वर्षानुवर्षं चेतलेल्याच राहतात आणि शेजारच्या चेतापेशींना त्याचा त्रास होतो.

आम्ही या पेशी वाढवतो आणि जिवाणूंच्या आवरणातलं एक द्रव्य टाकून त्यांना चेतवतो. चेतलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात. मग एक अभिकर्मक मिसळला की द्रव गुलाबी होतो. जितका दाह तितका रंग गडद. आधी ल्युटिओलिन दिलेलं असेल तर रंग फिका येतो. पहिल्यांदा हे पाहताना फार आनंद होतो, आणि तो खोटा नसतो. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरून दाहाची जनुकं चालू करतं, त्या मार्गात यातली बरीच द्रव्यं आडवी येतात. ब्रोकोलीतून मिळणारं सल्फोराफेन मुख्यतः वेगळ्या मार्गाने जातं, पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करतं. मला व्यक्तिशः त्याच्याबद्दल जास्त उत्सुकता आहे.

पण पेशी मेल्या तरी रंग फिकाच येतो. म्हणून पेशी जिवंत आहेत का हे वेगळं तपासावं लागतं. कर्क्युमिन तर स्वतःच पिवळं आणि चमकणारं आहे, शिवाय ते अनेक प्रथिनांना कसंही चिकटतं, त्यामुळे प्रकाशावर किंवा रंगावर चालणाऱ्या चाचण्या त्याच्याबाबतीत सहज फसतात. एखादं द्रव्य 'सगळ्यावर' काम करताना दिसलं की मला आधी चाचणीचीच शंका येते.

त्याहून मोठी अडचण मात्रेची. पेशींवर आम्ही बहुतेकदा ५ ते २० मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजायचं एकक) इतकं द्रव्य टाकतो. तोंडाने घेतलेलं साधं कर्क्युमिन आतड्यात आणि यकृतात इतक्या झपाट्याने बदलून टाकलं जातं की रक्तात मोकळं असं जेमतेम नॅनोमोलर (मायक्रोमोलरचा हजारावा भाग) पातळीवर उरतं, म्हणजे शेकडो पटींनी कमी. पुढे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर आहेच. मिरीतल्या पायपरिनमुळे शोषण वाढतं, पण ज्या मार्गांनी ते वाढतं, त्याच मार्गांनी इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं.

माणसांवरच्या चाचण्यांचं चित्र संमिश्र आहे. २०१८ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चाचणीत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नसलेले ४० जण होते; त्यातल्या साधारण निम्म्यांना जास्त शोषलं जाणारं कर्क्युमिन आणि बाकीच्यांना औषध नसलेली गोळी १८ महिने दिली, आणि कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत थोडी सुधारणा दिसली. ४० ही संख्या फार लहान आहे. अल्झायमर झालेल्यांना कर्क्युमिन देऊन पाहिलेल्या २०१२ च्या चाचणीत फायदा दिसला नव्हता. रेझव्हेरॅट्रॉलची चाचणी २०१५ साली ११९ रुग्णांवर वर्षभर झाली; औषध घेणाऱ्यांचा मेंदू उलट जास्त आकसला. सूज उतरल्यामुळे तसं झालं असेल, असं संशोधकांना वाटलं. त्याचा अर्थ चांगला की वाईट, यावर मला आजही पैज लावता येणार नाही.

आणि दाह सरसकट दाबणं हिताचं आहेच असंही नाही. नेप्रोक्सेन, सेलेकोक्सिब ही जोरदार दाहशामक औषधं २,५०० हून अधिक वृद्धांमध्ये अल्झायमर टाळण्यासाठी वापरून पाहिली गेली, त्यांनी संरक्षण दिलं नाही. २०१३ मध्ये टीआरईएम२ या मायक्रोग्लियावरच्या प्रथिनाबद्दल कळलं, की त्याच्या जनुकात विशिष्ट दोष असलेल्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असतो. हा दोष असलेल्या मायक्रोग्लिया नीट जाग्या होत नाहीत. त्या झोपूनच राहिल्या तर कचरा कोण उचलणार?

वडिलांना आधी डॉक्टरांकडे न्या, हे मी कळकळीने सांगते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यानेही विस्मरण होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. कॅप्सूलच्या प्रयोगात हे महिने निघून जातात. कॅप्सूल आधीच सुरू केली असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, विशेषतः वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर. कर्क्युमिनच्या आणि ग्रीन टीच्या तीव्र अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, भूक गेली, तर कॅप्सूल लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.