रेकमध्ये पाच-पाच गोल मारतोय, आता ट्रॅव्हलला टाकायचा का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. मुलगा नोव्हेंबर २०१७ चा, दुसरीत आहे, वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी. गावच्या सॉकरच्या रेक लीगमध्ये (हौशी, सगळ्यांना घेणारी) इयत्तेप्रमाणे टीम असतात, तिथे हा दर शनिवारी चार-पाच गोल मारतो. बाकीचे आईबाबा म्हणतात याला इथे कशाला ठेवलाय, ट्रॅव्हलला (निवडून घेतलेल्या, गावाबाहेर मॅचेस खेळणाऱ्या टीमला) टाका. म्हणून एका प्रायव्हेट क्लबच्या ट्रायआउटला नेला तर येत्या सीझनसाठी बी टीमची (म्हणजे दुसऱ्या फळीच्या टीमची) ऑफर आली, आणि दोन दिवसांत डिपॉझिट भरून कळवा म्हणाले. फी रेकच्या कितीतरी पट. नवरा म्हणतो आत्ता नाही गेला तर कायमचा मागे पडेल. मला वाटतं लहान आहे अजून, शिवाय रविवारी मराठी शाळा असते. काय करू?
— एक आई, एडिसन

उत्तर : ताई, आधी त्या दोन दिवसांचं बघू. क्लबला टीमच्या जागा भरायच्या असतात म्हणून ते घाई करतात, त्यात तुमच्या मुलाच्या भवितव्याचा काही संबंध नाही. सरळ मेल टाका की आठवडाभर द्या आणि त्याआधी एक-दोन प्रॅक्टिसला येऊ द्या. चांगला क्लब बहुतेक वेळा हो म्हणतो, आणि नाही म्हणाला तरी तुम्हाला त्या क्लबबद्दल जे कळायचं ते कळलंच की.

आता पाच गोल. मी इथे रेकचा व्हॉलंटिअर कोच होतो त्यामुळे हे गोल मी पुष्कळ बघितलेत. या वयात मॅच असते चार-चार जणांची, गोलकीपर नसतो, गोल छोटे, आणि सगळी पोरं गुळाला मुंगळे चिकटावेत तशी बॉलला चिकटलेली असतात. त्या घोळक्यातून जो पहिला बाहेर पडला आणि सरळ धावत सुटला त्याचा गोल. म्हणजे निम्मं काम पायातल्या वेगाचं. आणि तुम्हीच लिहिलंय की तो वर्गातल्या मोठ्यांपैकी आहे, त्याच्याबरोबर खेळणारी काही मुलं २०१८ च्या उन्हाळ्यातली असणार, म्हणजे आठ-नऊ महिन्यांनी लहान. आपल्यात आठ-नऊ महिन्यांनी काय फरक पडतो, पण आठ वर्षांच्या पोरात पडतो, उंचीत, ताकदीत, सांगितलेलं ऐकण्यात सुद्धा. जगभरच्या युथ टीम्समध्ये कटऑफ तारखेच्या लगेच नंतर जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात हे खूप वर्षांपासून माहीत असलेलं आहे. तुमच्या मुलात काही नाही असं मी म्हणत नाहीये हं, फक्त गोल मोजून ते कळत नाही एवढंच.

यातच एक गोष्ट विचारून घ्या. आत्तापर्यंत ट्रॅव्हलला जन्मवर्षाप्रमाणे गट व्हायचे, त्या हिशोबात तुमचा मुलगा जानेवारी २०१७ च्या, म्हणजे तिसरीतल्या पोरांबरोबर गेला असता आणि तिथे सगळ्यात लहान ठरला असता. २०२६-२७ च्या सीझनपासून इथल्या मोठ्या युथ संघटना १ ऑगस्ट ते ३१ जुलै असा गट धरतायत, त्यामुळे तो बराचसा आपल्या वर्गमित्रांबरोबरच अंडर-९ मध्ये राहायला हवा. क्लबने त्याला नक्की कुठल्या गटात धरलंय ते लेखी घ्या. वर्षाने मोठ्या पोरांत नेऊन बी टीम देत असतील तर ती वेगळी गोष्ट, आणि आपल्याच वयात बी टीम असेल तर वेगळी.

मग बघायचं काय? बॉल त्याच्याकडे नसतो तेव्हा तो काय करतो ते बघा. उभा राहून कमरेवर हात ठेवतो की मोकळी जागा शोधतो? बॉल हिसकावला गेला की रडतो, रुसतो, की मागे पळतो? मान वर करून बघतो का? डावा पाय नुसता चालायलाच आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणी न सांगता घरामागे भिंतीवर बॉल मारत बसतो का. हे शेवटचं असेल तर बाकीचं शिकवता येतं, आणि ते नसेल तर आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं गाडी चालवून तुम्हीच दमाल, तो नाही. एक सोपी परीक्षा सांगतो, त्याला हिवाळ्यात इनडोअर फुटसालला (छोट्या बंदिस्त जागेतलं सॉकर) जरा मोठ्या पोरांत सोडा. तिथे वेग चालत नाही, जागाच नसते. गोल एकही नाही झाला आणि तरी घरी येताना पुढच्या आठवड्यात परत जायचं का विचारलं तर मुलगा तयार आहे असं समजा.

बी टीम ऐकून तोंड पाडू नका. अंडर-९ आणि अंडर-१० मध्ये मॅच सात-सात जणांची असते आणि टीममध्ये बारापर्यंत मुलं असू शकतात, म्हणजे एका वेळी पाच जण बाहेर. ए टीमचा अकरावा मुलगा शनिवारभर बाकावर बसून गॅटोरेड पितो आणि बी टीमचा तिसरा-चौथा मुलगा सतत बॉलवर असतो. आठव्या वर्षी शिकायचं ते बॉलला पाय लागूनच. त्यामुळे ए का बी यापेक्षा क्लबला हे विचारा की प्रत्येकाला खेळायला किती वेळ मिळणार, ए आणि बीची प्रॅक्टिस एकत्र होते का (कित्येक क्लब या वयात एकत्रच घेतात), आणि बी टीमचा कोच कोण, त्याचं लायसन्स काय, किती मुलांमागे एक कोच. नावापुढे बिरुदं लावणारे पुष्कळ असतात, क्लबची वेबसाइट बघून काही कळत नाही, मैदानाच्या कडेला अर्धा तास उभं राहून कळतं. मुलं रांगेत उभी राहून आपल्या पाळीची वाट बघतायत का? असतील तर गाडीत बसा आणि घरी या.

फीचंही तसंच, सांगतात तो आकडा अर्धा असतो. युनिफॉर्मचं किट वेगळं, टुर्नामेंट वेगळ्या, हिवाळ्याचं इनडोअर वेगळं, आणि टुर्नामेंट लांब असली की हॉटेल. सगळं मिळून वर्षाचं किती ते विचारा. फायनान्शियल एड आहे का हेही विचारा, आपल्या लोकांना हे विचारायला उगाच लाज वाटते.

तुमच्या मिस्टरांचं "कायमचा मागे पडेल" हे मात्र मला पटत नाही. अमेरिकेत मुलांची जी वरची लीग आहे, एमएलएस नेक्स्ट, ती सुरूच होते अंडर-१३ पासून. ईसीएनएल ही दुसरी मोठी लीगही तेव्हापासूनच. अकरा-अकरा जणांची पूर्ण मैदानाची मॅचसुद्धा त्याच वयात सुरू होते. नॉर्वेत तर अकराव्या वर्षापर्यंत मुलांच्या पॉइंट्स टेबल लावायच्याच नाहीत असा नियम आहे, आणि त्यांचे खेळाडू काही वाईट निघत नाहीत. तुमच्या जवळच्याच नॉर्थ ब्रन्सविकचा टिम हॉवर्ड, अमेरिकेचा एवढा मोठा गोलकीपर, हायस्कूलपर्यंत बास्केटबॉलही खेळत होता. आणि त्याच न्यू जर्सीतल्या डेलरनच्या कार्ली लॉइडला अंडर-२१ नॅशनल टीममधून काढलं होतं, तिने पुढे २०१५ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये पहिल्या सोळा मिनिटांत हॅटट्रिक केली. आठव्या वर्षी कोणाचीच बस सुटत नाही हो.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं सांगतो. आधी गावच्याच ट्रॅव्हल क्लबला विचारलं असतं, तिथे फी कमी, मैदान जवळ आणि मुलाचे मित्र तिथेच. शिवाय बऱ्याच क्लबांचे प्री-अकॅडमीसारखे वर्ग असतात, आठवड्यातून एखादं सेशन, रेक न सोडता. फॉलपर्यंत रेक अधिक हे असं चालवून बघितलं असतं. पण त्या प्रायव्हेट क्लबचा बी टीमचा कोच खरंच चांगला निघाला, वीस मिनिटांत पोचता येत असेल आणि मुलालाच जायचं असेल, तर जाऊ द्या, त्यातही काही वाईट नाही. रविवारच्या मॅचेस किती असतात ते आधी विचारा म्हणजे मराठी शाळेच्या बाईंना सप्टेंबरमध्येच सांगून ठेवता येईल.

प्रश्न : मी बोरिवलीची, सध्या मुलीकडे पेनसिल्व्हेनियात आले आहे. नातवाच्या मॅचला मी "मार रे, मार!" ओरडले तर मुलगी मला गप्प बस म्हणते. आता मॅचला ओरडायचं नाही तर काय करायचं?
— एक आजी

उत्तर : आजी, ओरडा, फक्त गोल झाल्यावर ओरडा, आणि समोरच्या टीमने चांगला मारला तरी ओरडा. "मार" म्हणालात की पोरगं पास द्यायचा असताना मारतं, कारण कोचपेक्षा आजीचा आवाज ओळखीचा असतो. आणि रेफरीला काही बोलू नका, तिथे रेफरी म्हणजे बऱ्याचदा तेरा-चौदा वर्षांचं शाळकरी पोर असतं.

प्रश्न : सर, मुलगी दहा वर्षांची आहे, सोसायटीजवळच्या टर्फवर शनिवार-रविवार खेळते. कोच म्हणतात हिला एलिट बॅचला टाका, आठवड्यातून चार दिवस, फी दुप्पट. बॅचमध्ये ती एकटीच मुलगी असेल. पुण्यात यापुढे मुलींना रस्ता आहे का?
— एक बाबा, औंध

उत्तर : एलिट बॅचला जायला हरकत नाही, पण ती बॅच खेळते कुठे ते विचारा. नुसती चार दिवस प्रॅक्टिस आणि वर्षाला एक आपापसातली टुर्नामेंट असेल तर ती दुप्पट फी मैदानावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून पळण्याची आहे. अकॅडमीला एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) मानांकन आहे का, कोचकडे एआयएफएफ डी किंवा एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) सी लायसन्स आहे का, आणि मुलं जिल्हा संघटनेच्या स्पर्धांत किंवा बेबी लीगमध्ये उतरतात का, एवढं बघा. २०१८ मध्ये गोल्डन बेबी लीग नावाने सुरू झालेली, आता ब्लू कब्स म्हणतात ती लीग बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तिथे मुलं-मुली एकत्र खेळू शकतात, त्यामुळे एकटी मुलगी असण्याचं सध्या टेन्शन घेऊ नका. मुलांबरोबर खेळून ती पक्कीच होईल, फक्त तिला स्वतःला ते चालतंय का हे तिलाच विचारा, कोचला नको.

बाराच्या पुढे मात्र मुलींची टीम लागेल. तिच्या शाळेची मुलींची टीम डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) अंडर-१४ शालेय स्पर्धेला उतरते का ते आत्ताच पीटीच्या सरांना विचारून ठेवा, नसेल तर चार-पाच मुलींच्या पालकांनी मिळून मागे लागायचं. सरकारी वाटही डोक्यात ठेवा, कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेला आणि २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप भारताकडून खेळला, तिथे फी भरून कोणी पोचत नाही.

जन्मदाखला महापालिकेचा, खरा, एकच तारीख सगळीकडे. वय कमी दाखवायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाचा नंबर डिलीट करा. आणि एआयएफएफच्या सीआरएसवर (खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीची यंत्रणा) तिची नोंदणी कुठल्या क्लबच्या नावाने होणार आणि सोडायची वेळ आली तर काय करावं लागतं, हे फी भरायच्या आधी विचारा.